शंभरांतले एक मूल

विद्यार्थीमित्रहो, प्रथम एक सोपे गणित करू. तुमच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत मिळून किती मुले-मुली आहेत? कोल्हापुरातील मध्यम आकाराची शाळा घेतली तरी हजाराचा आकडा सहज भरतो. आता, जगभरच्या पाहण्यांवरून असे दिसते की दर शंभर-सव्वाशे मुलांमागे साधारण एक मूल ‘ऑटिझम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीचे असते. मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. आपल्या देशात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा जिल्हाही होता. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि येथलाही आकडा शंभरात एकाच्या आसपासच निघाला. म्हणजे तुमच्या हजारांच्या शाळेत अशी आठ-दहा मुले असायला हवीत.

ती कोठे आहेत?

काही तुमच्याच वर्गात आहेत, पण त्यांना कोणी हे नाव दिलेले नाही. त्यांना दुसरीच नावे मिळाली आहेत. ‘येडं’, ‘खुळं’, ‘घुम्या’, ‘शिष्ट’, आणि अलीकडे ‘रोबो’. काही विशेष शाळेत जातात. आणि काही घरीच आहेत; पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवले जाते. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. या मुलांच्या वाट्याला शाळेत आणि गल्लीत जो त्रास येतो, त्यातला बराच मोठा भाग त्यांच्या मेंदूमुळे येत नाही. तो आपण त्यांच्याविषयी आधीच करून ठेवलेल्या कल्पनांमुळे येतो. या कल्पना तपासून पाहता येतात, आणि तपासणे हे तर विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

स्वमग्नता हा रोग नव्हे. ती ताप-खोकल्यासारखी येत नाही आणि औषधाने जात नाही; संसर्गाने तर मुळीच होत नाही. मेंदूची वाढ होत असताना, जन्माच्या आधीपासूनच, त्यातील जोडण्या काहीशा निराळ्या होतात. त्यामुळे बोलणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून मन ओळखणे, ठरलेला क्रम मोडला तर तो सहन करणे, आवाज-प्रकाश-स्पर्श यांचा अनुभव घेणे, या गोष्टी इतरांहून वेगळ्या रीतीने घडतात. किती वेगळ्या, हे मात्र प्रत्येक मुलात निराळे.

म्हणूनच वैद्यकशास्त्र आज या अवस्थेसाठी ‘वर्णपट’ हा आमच्या भौतिकशास्त्रातला शब्द वापरते. शब्द चांगला आहे, पण लोक त्याचा अर्थ उलटाच घेतात. त्यांना वाटते, हे तापमापीसारखे काही असावे. एका टोकाला थोडा ऑटिझम, दुसऱ्या टोकाला फार. तुम्ही कधी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलात तर तुम्हाला वर्णपटमापीतून दोन दिवे दाखवीन. सोडियमच्या दिव्यात पिवळ्या रंगाच्या, अगदी एकमेकींना चिकटलेल्या दोन ठळक रेषा दिसतात, एक ५८९.० नॅनोमीटरची, दुसरी ५८९.६ ची. पाऱ्याच्या दिव्यात जांभळी, निळी, हिरवी आणि पिवळ्या अशा दूर दूर विखुरलेल्या रेषा दिसतात. आता पाऱ्याचा दिवा सोडियमच्या दिव्यापेक्षा ‘जास्त वर्णपटी’ आहे, असे कोणी म्हणेल काय? प्रश्न कमी-जास्तीचा नसतोच. कोणत्या रेषा आहेत आणि त्यांतली कोणती किती तेजस्वी आहे, एवढेच पाहायचे असते.

या मुलांचे तसेच आहे. एक मुलगी घडाघडा बोलते, पण वर्गात बाक सरकवल्याचा आवाज तिला सुरी फिरल्यासारखा लागतो. दुसरा मुलगा तोंडाने एक शब्द बोलत नाही, पण चित्रांच्या पाट्या दाखवून त्याला काय हवे ते नेमके सांगतो. तिसरा अभ्यासात तुमच्यासारखाच आहे, फक्त मधल्या सुटीत कोणाच्या घोळक्यात कसे शिरावे हे त्याला उमगत नाही. आणि काही मुले अशीही असतात की त्यांना जेवण्या-आंघोळीपासून जन्मभर दुसऱ्याची मदत लागते. हे लपवण्यात अर्थ नाही. एकाला पाहून दुसऱ्याविषयी अनुमान काढले की चूक ठरलेलीच.

आता आवाजाचे घ्या. ‘नाटक करतोय’, ‘लाडावलंय’ ही वाक्ये सर्वांत जास्त ऐकू येतात ती एखाद्या मुलाने कानांवर हात दाबून घेतले की. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तेथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते. समजा, मधल्या सुटीत तुमच्या वर्गातला आवाज ८० डेसिबलवर गेला. फरक ३० डेसिबलचा. ध्यानात घ्या, ही श्रेणी गुणोत्तराची आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणजे ३० डेसिबलला हजारपट! आपल्याला ती हजारपट वाटत नाही, कारण कान-मेंदूची जोडी ही वाढ दाबून ऐकते. आपल्याला आवाज साधारण आठपट वाटतो. शिवाय मेंदू निवडही करतो. बाई शिकवीत असताना पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या के.एम.टी. बसचा हॉर्न, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण हे सारे तुमचा मेंदू तुम्हाला न विचारताच मागे ढकलतो. (आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून तो चोक १०० च्या वारंवारतेने गुणगुणतो आणि ट्यूबही सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.) कितीएक स्वमग्न मुलांत हा मागे ढकलण्याचा भाग वेगळ्या रीतीने चालतो. बाईंचा आवाज आणि पंख्याची घरघर सारख्याच हक्काने आत येतात. अशा वर्गात पाच तास बसून पाहा, म्हणजे सहाव्या तासाला रडू का फुटते ते कळेल.

हात फडफडवणे, पुढेमागे डोलणे यालाही लोक हसतात. परीक्षेच्या वेळी तुमच्यातले निम्मे जण बाकाखाली पाय हलवीत असतात, काही पेन चावतात. ते काय आहे? मनावरचा ताण उतरवण्याचाच तो उपाय. त्यांचा उपाय जरा मोठा दिसतो, इतकेच.

जाता जाता, गणपती विसर्जनाच्या रात्रीचेही सांगतो. त्या रात्री महाद्वार रोडच्या आसपासच्या घरांत तान्ही बाळे, म्हातारी माणसे आणि ही मुले कानात कापूस घालून बसलेली असतात. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही; ढोल-ताशा मलाही आवडतो. पण ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करून छातीची हाडे हलवण्यात कसली भक्ती आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

स्वमग्न हा शब्दही जरा तपासू. १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील मानसतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द बनवला, तो दुसऱ्याच एका आजाराचे लक्षण सांगण्यासाठी. १९२५ साली मॉस्कोतील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलांची वर्णने लिहिली. आज ती वाचताना ही मुले सहज ओळखू येतात, पण त्या काळी तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ब्लॉयलरचा शब्द या मुलांना चिकटला. मराठीत त्याचे ‘स्वमग्न’ झाले, आणि आपल्या कानांना त्यात एक आरोप ऐकू येऊ लागला: हा स्वतःतच बुडालेला, याला दुसऱ्याचे काही नाही.

हा आरोप खरा आहे काय? एक प्रयोग सांगतो. तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळला असाल. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि शेवटी मूळ गोष्टीचे काय झाले ते पाहायचे. २०२० साली एडिंबरा येथील संशोधकांनी प्रौढ माणसांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्या करून असाच खेळ मांडला. काही साखळ्यांत सर्व स्वमग्न, काहींत सर्व इतर, आणि काहींत दोन्ही आळीपाळीने. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली, जितकी इतरांच्या साखळीत. घसरण झाली ती मिश्र साखळीत. यावरून पुष्कळांनी असे म्हटले की, दोष एका बाजूचा नाही. दोन तऱ्हेच्या माणसांमधला तो दुतर्फी दुरावा आहे. पण गोष्ट येथे संपत नाही. त्याच संशोधकांनी पुढे तीनशेहून अधिक माणसे घेऊन प्रयोग पुन्हा केला, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मिश्र साखळीतली ती घसरण दिसली नाही! तिन्ही साखळ्या सारख्याच निघाल्या. विज्ञानात असे होते, आणि पहिला निष्कर्ष आवडीचा असला तरी तो मोजूनमापूनच सांगावा लागतो. मात्र एक गोष्ट दोन्ही वेळा टिकली: स्वमग्न माणसे एकमेकांना सांगण्यात-समजून घेण्यात कमी पडली नाहीत. तेव्हा ‘याला कोणाशी काही देणेघेणे नाही’ हे वाक्य यापुढे जपून वापरावे.

या अवस्थेचा दोष कोणाला तरी देण्याची माणसांना भारी घाई असते. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत तो आईला दिला गेला. आई थंड मनाची, प्रेम न करणारी असली की मूल असे होते, हे मत ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून घरोघर पोचवले. हजारो आयांनी ते खरे मानून स्वतःला कोसले. दहा वर्षांनी, १९७७ साली, सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. ११ जोड्या एकाच बीजापासून झालेल्या सारख्या जुळ्यांच्या. त्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्या. त्यांत अशी एकही जोडी नव्हती. आता विचार करा. सारखी जुळी असोत की भिन्न, आई तर दोघांना एकच! मग फरक कोठून आला? अर्थात आनुवंशिकतेतून. पुढे झालेल्या मोठमोठ्या अभ्यासांनीही हेच दाखवले.

एवढे होऊनही आपल्याकडे ‘आई नोकरी करते ना, लक्ष कोण देणार!’ हे वाक्य हळदीकुंकवाला आजही ऐकू येते. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी ग्रहणाला. कोणी लशीला देतो. त्याचे मूळ १९९८ सालच्या एका शोधनिबंधात आहे. तो अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता, आणि गैरप्रकार उघड झाल्यावर २०१० साली तो मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१९ साली पुन्हा दाखवले गेले की, गोवराच्या लशीचा याच्याशी संबंध नाही. आणि काही घरांतून मूल अजून देवऋषीकडे नेले जाते. अंगारा लावला तर निदान इजा होत नाही. पण ‘बाहेरची बाधा’ उतरवण्यासाठी मुलाला मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असे कोठे घडत असेल तर तुम्ही शिक्षकांना सांगू शकता, हे माहीत असू द्या.

याच्या उलट, गोड दिसणारी एक समजूत आहे आणि तिचा मला भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून विशेष कंटाळा आहे. ‘ऑटिझम आहे? मग गणितात हुशार असेल!’ १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटाने ही कल्पना जगभर पसरवली. गंमत अशी की, ज्या किम पीक नावाच्या माणसाच्या अफाट स्मरणशक्तीवरून ती भूमिका सुचली, त्याला स्वमग्नता नव्हती असेच पुढे तज्ज्ञांचे मत पडले. अशी विलक्षण क्षमता थोड्याच स्वमग्न व्यक्तींत असते. तीच गोष्ट न्यूटन, कॅव्हेंडिश, आइन्स्टाइन यांना मेल्यानंतर ‘ऑटिझम होता’ म्हणून जाहीर करण्याची. कॅव्हेंडिश लाजाळू होता, नोकराणींना तोंडी न सांगता चिठ्ठ्या लिहून ठेवी हे खरे. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान चिठ्ठ्यांवरून कोणत्या डॉक्टराने करावे? यात नुकसान होते ते तुमच्या वर्गातल्या मुलाचे. त्याला गणित आले नाही की लोक म्हणतात, ‘मग काय उपयोग?’

मुंबईच्या जिया राय हिचे नाव तुम्ही वाचले असेल. नौदलातील कर्मचाऱ्याची ही स्वमग्न मुलगी. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून गेली. २०२२ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला, आणि जुलै २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडीही पोहून पार केली. मला तिचा अभिमान वाटतो. पण वर्गातल्या बाकावर शेजारी जागा मिळण्यासाठी कोणाला छत्तीस किलोमीटर पोहावे लागू नये, असेही वाटते.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. निदान झालेल्यांत मुलगे मुलींच्या तिप्पट-चौपट दिसतात. याचे एक कारण असे की, कितीएक मुली इतरांचे पाहून हसणे, मान डोलावणे, नजर मिळवणे पाठ करून घेतात आणि घरी गेल्यावर थकून कोसळतात. शांत मुलगी म्हटली की आपल्याकडे कौतुकच होते. तिच्या मनात काय चालले आहे हे विचारतो कोण?

आमच्या महाविद्यालयातली एक गोष्ट. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला निदान झालेला एक विद्यार्थी होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हर्नियर कॅलिपर पुढे करून विचारले, “याची शून्यत्रुटी किती ते सांगता येईल का?” मुलगा म्हणाला, “हो.” आणि गप्प उभा राहिला. परीक्षक वाट पाहत राहिले, मुलगाही वाट पाहत राहिला. परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला आणि तोंडी परीक्षेचे गुण गेले. प्रश्न पुन्हा वाचा. ‘सांगता येईल का’ असेच विचारले होते, आणि त्याचे अचूक उत्तर ‘हो’ हेच आहे! शून्यत्रुटी त्याला येत होती. ‘किती आहे, सांग’ एवढे म्हटले असते तर पुरे होते. आपली मराठी अशा आडवळणांनी भरलेली आहे. ‘डोके खाऊ नकोस’, ‘हातावर तुरी दिल्या’, ‘कान टोचले’ ही वाक्ये शब्दशः घेणाऱ्या मुलाला कशी ऐकू येत असतील?

शाळेचे म्हणाल, तर कायदा स्पष्ट आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. या कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, ठरावीक प्रमाणाइतके अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड त्याची, मुख्याध्यापकांची नव्हे. ९२ व्या कलमाप्रमाणे चारचौघांत मुद्दाम पाणउतारा करणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ज्या करवीरात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेथे २०१६ च्या कायद्यानंतरही ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा’ असे पालकांना सांगितले जावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. त्यात आणखी एक जबाबदारी. खास प्रशिक्षित शिक्षक शाळेला मिळालेच पाहिजेत आणि ते शासनानेच दिले पाहिजेत. पण ते मिळेपर्यंतही पुष्कळ गोष्टी फुकटात होतात. दिवसाचे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणे. तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगणे. सूचना एका वेळी एक आणि सरळ शब्दांत देणे. बसायला घंटेपासून आणि दारापासून दूरची जागा, आणि ती रोज तीच. सहन होईनासे झाले तर पाच मिनिटे ग्रंथालयात जाऊन बसण्याची मुभा. यातली निम्मी साधने माझ्या अनुभवाने उरलेल्या एकोणसाठ मुलांनाही मानवतात.

मित्रहो, तुम्ही मला विचाराल, ‘तो बोलतच नाही, मग मैत्री करायची कशी?’ बोलायलाच हवे असे कोणी सांगितले? शेजारी बसा, डबा खा. त्याला के.एम.टी.च्या मार्गांची आवड असेल तर एखादा मार्ग विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. नजरेला नजर देत नाही म्हणजे खोटे बोलतो, असे धरू नका. हात धरून ओढू नका. टोपणनाव ऐकू आले तर तुम्ही ते उचलू नका. चार जणांनी उचलले नाही की ते फार दिवस टिकत नाही.

दहावीच्या वर्गशिक्षकांना मात्र एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेत या विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फतच जातो. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरून तपासणी होते; आपल्या जिल्ह्यात पालकांना त्यासाठी सी.पी.आर. रुग्णालयात जावे लागते, आणि एका खेपेत काम होतेच असे नाही. आपल्या वर्गात असे मूल असेल तर त्याच्या पालकांना दिवाळीनंतर नव्हे, जूनमध्येच बोलावून घ्या.